सव्वाआठ टक्क्यांच्या काकू

काकूंनी अमेरिकेतलं पहिलं भांडण एका डॉलरच्या दुकानात केलं, आणि तेही आठ सेंटांवरून. मी शेजारी उभा होतो आणि आपण यांना ओळखत नाही असा चेहरा करायचा प्रयत्न करत होतो. पण साडीवर पुरुषी जाकीट चढवलेल्या काकू आणि त्यांची पिशवी धरून उभा असलेला मी, एवढे दोनच देशी त्या दुकानात असल्यामुळे ते काही जमलं नाही.

झालं होतं असं. काकूंनी चहाची गाळणी उचलली, काउंटरवर एक डॉलरची नोट ठेवली आणि चालू लागल्या. म्हाताऱ्या कॅशियरने मागून हाक मारली. एक डॉलर आठ सेंट, मॅम.

"काहून?" काकूंनी मराठीतच विचारलं. त्याला ते कळलं, हे विशेष.

"टॅक्स, मॅम. सव्वाआठ टक्के."

काकूंनी त्याला बोटाने खूण करून काउंटरबाहेर बोलावलं. उंच, खांद्यात वाकलेला, सौम्य माणूस होता. आलाही बिचारा. काकू त्याला दाराबाहेर घेऊन गेल्या, दुकानाच्या भल्यामोठ्या पाटीकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "रीड."

त्याने वाचलं. सगळं काही एक डॉलर.

"देन?"

तो हसला. आत आला आणि काउंटरवरच्या बशीतून, लोक नकोशी चिल्लर टाकून जातात त्या बशीतून, आठ सेंट उचलून त्याने गल्ल्यात टाकले. त्याच्या मते प्रश्न मिटला. काकूंच्या मते तो आत्ता कुठे सुरू झाला. "म्हणजे सरकारचा कर हा भिक्षेतून भरून राहिला!" असं म्हणून त्यांनी पर्स उघडली, आठ सेंट बशीत परत टाकले, पावती घेतली, माझ्याकडे पेन मागितलं आणि पावतीच्या पाठीवर लिहिलं, 'हरकतीसह'. खाली सही. सहीखाली तारीख.

काकू म्हणजे माझा रूममेट मिलिंद याची आई. उभी हयात नागपूरला विक्रीकर खात्यात कारकुनी करून निवृत्त झालेल्या. सहा महिन्यांसाठी मुलाकडे आल्या होत्या, दोन हजार दोनच्या पानगळीत. मिलिंद सकाळी सातला टेलिफोनच्या कंपनीत जायचा तो संध्याकाळी सातला यायचा. मी मात्र दिवसभर घरीच. कारण मी बेंचवर होतो.

ज्यांना हा शब्द ठाऊक नाही त्यांना सांगतो. कन्सल्टन्सी कंपनी तुम्हाला व्हिसावर अमेरिकेत आणते आणि दुसऱ्यांच्या ऑफिसात कामाला पाठवते. ते काम संपलं आणि पुढचं मिळालं नाही, की तुम्ही बेंचवर. व्हिसा कंपनीच्या हातात असतो, पगार मात्र कुणाच्याच हातात नसतो. त्या दिवसांत आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंग लॉटमध्ये भर दुपारी एवढ्या गाड्या उभ्या असत, की बाहेरच्याला वाटावं आज सुट्टी आहे.

काकूंनी आल्या आल्या विचारलं होतं, "हा ऑफिसात नाही जात का?"

"आई, तो बेंचवर आहे," मिलिंद म्हणाला.

काकूंनी आमच्या हॉलमध्ये नजर फिरवली. तिथे बाक नव्हता. एक गादी, एक टीव्ही आणि कचऱ्याजवळून उचलून आणलेला सोफा होता. पण त्या दिवसापासून माझं नाव पडलं ते पडलं. "काय बेंचवाले, चहा घेता का?" इथपासून "बेंचवाल्या, गाडी काढ!" इथपर्यंत, त्यांच्या मूडप्रमाणे आदरार्थी-अनादरार्थी.

तर काकूंचं तत्त्वज्ञान. ते त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात, माझ्या जुनाट गाडीत सीटबेल्टशी झटापट करता करता सांगितलं. "हे बघ. कर कुठला? तर जिथे वापर तिथला. गरम समोसा मी इथे खाल्ला, त्याचा कर मी इथे भरीन. आनंदाने भरीन. पण वन्संसाठी घेतलेला स्वेटर नागपूरला घालणार न? मग त्याचा कर टेक्सासने काहून खावा?"

"काकू, पण इथला कायदाच तसा आहे."

"मी कुठे म्हटलं कायदा नाही? मी म्हटलं हरकत आहे."

त्यांनी खरेदीच्या दोन पिशव्या केल्या होत्या. एक 'वापर इथला', दुसरी 'वापर तिकडचा'. दुसऱ्या पिशवीतल्या वस्तूचं लेबल काढायचं नाही, घडी मोडायची नाही. डिसेंबरात एका सकाळी अचानक गारठा पडला, पाय काकडले, तेव्हा नाइलाजाने त्यांनी दिरांसाठी घेतलेले लोकरी मोजे घातले. घालण्याआधी त्यांची पावती तिकडच्या पिशवीतून काढली, इकडच्या पिशवीत टाकली आणि पाठीवरचं 'हरकतीसह' एका रेघेने खोडून शेजारी छोटी सही केली. मी हे पाहत होतो हे लक्षात आल्यावर म्हणाल्या, "आता वापर इथला झाला न. मग हरकत कशाची?"

कंजूष म्हणाल तर तसंही नाही. बेंचवर असलेल्या माणसाने भाजीचे पैसे द्यायचे नाहीत, असा त्यांनी परस्पर नियम करून टाकला होता. मिलिंदने 'आई, तुला हवं ते घे, माझ्या पैशांनी घे' म्हटलं की त्यांचा चेहरा, मागच्या दाराने साहेबाच्या घरी मिठाई पोचवायला आलेल्या व्यापाऱ्याकडे पाहावं तसा व्हायचा. स्वतःच्या पेन्शनमधून करून आणलेले ट्रॅव्हलर्स चेक त्यांच्याकडे होते. खर्च करायचा तो त्यातून.

त्यांच्या पर्समध्ये एका टोकाला लाल आणि एका टोकाला निळी अशी ऑडिटवाल्यांची पेन्सिल असे. घरात येणारा प्रत्येक छापील कागद त्या पेन्सिलीखालून जाई. वाचलं की निळी टिक. आक्षेप असला की लाल. पिझ्झाच्या कूपनापासून चर्चच्या निमंत्रणापर्यंत. आमच्या टेलिफोन बिलाला एकदा एवढ्या लाल खुणा झाल्या, की ते बिल गोवर झाल्यासारखं दिसत होतं. मग मी कंपनीला फोन लावला. अर्धा तास तिकडून संगीत ऐकवलं गेलं. काकूंनी त्या संगीतावरही आक्षेप घेतला आणि शेवटी आम्ही बिल मुकाट्याने भरलं. त्या नेहमी जिंकत असत असा गैरसमज नको. बहुतेक वेळा हरत. पण हरल्याची नोंद करून हरत.

आमच्या फ्रिजवर मॅग्नेटखाली एक कागद होता, तोही एक दिवस त्या पेन्सिलीखालून गेला. तो माझा होता. कंपनीने ईमेलने पाठवलेला, मी लायब्ररीत छापून आणलेला. त्यावर लिहिलं होतं, की मी माझ्या वैयक्तिक कारणासाठी, माझ्या स्वतःच्या मर्जीने, ऑगस्टपासून बिनपगारी रजेवर आहे. खाली सहीची जागा.

"तू रजा मागितलीस?" काकूंनी विचारलं.

"नाही."

"मग हे काय आहे?"

मी समजावून सांगितलं. काम नसलं तरी कंपनीने पगार द्यायचा असतो, असा इथला नियम आहे म्हणतात. तो द्यायला लागू नये म्हणून हा कागद. सही केली तर सगळे महिने बुडाले. नाही केली तर ते व्हिसा काढून घेतील आणि मला सांगलीला परतावं लागेल. आमचे सर दर सोमवारी फोन करतात, 'यार, बस एक साइन करके फॅक्स कर दे'. आणि मी दर सोमवारी म्हणतो, 'हो सर, करतो सर, प्रिंटर बिघडलाय सर'.

"प्रिंटर आहे का तुझ्याकडे?"

"नाही."

काकूंनी कागदावर 'स्वतःच्या मर्जीने' याच्याखाली पेन्सिलीची लाल रेघ ओढली आणि कागद मॅग्नेटखाली जसाच्या तसा परत लावला. "खोट्यावर सही करू नये. आणि करावीच लागली, तर हरकत लिहून करावी. आमच्याकडे व्यापारी तेच करत. पैसे भरत आणि चलनावर लिहीत, अंडर प्रोटेस्ट."

"त्याने काय होतं काकू?"

"गाडी काढ. दूध संपलंय," काकू म्हणाल्या.

आता शनीबद्दल सांगायला हवं. कारण काकूंच्या अमेरिकावारीतली सगळ्यात मोठी खरेदी त्याच्यामुळे झाली.

काकूंना साडेसाती चालू होती. म्हणजे असं काकांचं म्हणणं. काका नागपूरलाच राहिले होते. त्यांना विमानाची भीती आणि मारुतीच्या शनिवारच्या तेलात खंड पडण्याची त्याहून जास्त. काकूंची नोकरीतली शेवटची बढती अडली, ती शनीमुळे. मिलिंदचं लग्न ठरेना, ते शनीमुळे. "ज्योतिषी म्हणाला शनी आहे. मी म्हटलं, शनी नाही, साहेब आहे," काकू सांगायच्या. "पण घरात रोज त्याचंच नाव. शनी असं करून राहिला, शनी तसं करून राहिला. अरे, आहे तरी कसा तो? ज्याने एवढं छळलं त्याचं तोंड तर बघू एकदा!"

म्हणून त्यांना दुर्बीण हवी होती. साधी नाही. शनीचं कडं दिसेल अशी, तीन पायांच्या स्टँडवरची.

मिलिंद वैतागला. त्याने बॅगांचं गणित कधीच मांडून ठेवलं होतं. बदामांची मोठी खोकी, परफ्यूम, चॉकलेट, मामाच्या मुलांचे बूट. "आई, एक अख्खी बॅग जाईल त्यात. आणि शनी इथूनही दिसतो ना! दुर्बीण घे, बाल्कनीतून बघ, आणि पंधरा दिवसांत परत करून टाकू. सगळे करतात."

हे तो खरं बोलत होता. आईवडील आले की व्हिडिओ कॅमेरा विकत घ्यायचा, त्यांना धबधबा दाखवून आणायचा आणि मग कॅमेरा दुकानात परत द्यायचा, हा आमच्यातला रिवाज होता. मीही एकदा इंटरव्ह्यूपुरता सूट घेऊन परत केला होता. नोकरी मिळाली नाही, सूट मात्र अंगाला फार छान बसला होता.

"वापरून परत?" काकूंचा आवाज चढला. "उष्टं ताट पुसून पुन्हा पंगतीत मांडशील का रे? आणि शनी मी इथे नाही बघणार. इथे बघितला तर वापर इथला झाला. तो मी नागपूरला बघीन, माझ्या गच्चीवरून."

फेब्रुवारीत आम्ही दुर्बिणीच्या दुकानात गेलो, आणि इथे माझ्या हातून ती ऐतिहासिक चूक झाली.

काउंटरवर काकू ट्रॅव्हलर्स चेक काढू लागल्या. कॅशियर म्हणाली, मॅनेजरला बोलवावं लागेल. मागे रांग. मला रांगेची लाज फार लवकर वाटते. मी पाकीट काढलं. "काकू, राहू द्या ते. माझ्या कार्डावर टाकतो, तुम्ही मला नंतर कॅश द्या. मला पॉइंट मिळतात." कार्डाचे पॉइंट जमवून मी भारताचं एका बाजूचं तिकीट मिळवणार होतो. हाकलून दिलं तर निदान फुकट जाता यावं, एवढाच हेतू. काकूंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. पॉइंट म्हणजे काय ते त्यांना कळलं नव्हतं, पण बेंचवाल्याला काहीतरी मिळतंय एवढं कळलं. "बरं, टाक," म्हणाल्या. त्यांच्या आयुष्यातली ही बहुधा एकमेव सवलत. ती त्यांनी मला दिली आणि मी तिची वाट लावली.

कारण त्याच मॉलमध्ये, दुर्बिणीचं लांबलचक खोकं खांद्यावर घेऊन मी बाहेर पडत असताना, काकू थांबल्या. एका कोपऱ्यात छोटं ऑफिस होतं. समोर रांग. बहुतेक मेक्सिकोहून आलेली कुटुंबं, हातात ढीगभर पिशव्या, आणि प्रत्येकाच्या मुठीत पावत्या.

"ही रांग कशाची आहे?"

"असेल काहीतरी. बक्षिसाची स्कीम वगैरे," मी म्हणालो.

"बक्षिसाच्या रांगेत लोक हसतात. हे बघ कसे चेहरे करून उभे आहेत. ही परताव्याची रांग आहे. मी खिडकीच्या त्या बाजूला बसून हेच चेहरे बघितले आहेत."

आता मी महिनाभर आधी, मंडळाच्या तिळगुळाच्या कार्यक्रमात, चारचौघांत काकूंना ठणकावून सांगितलं होतं, की परदेशी पाहुण्यांना टॅक्स परत मिळतो तो युरोपात, अमेरिकेत असलं काही नाही. सगळ्या काकामंडळींनी माना डोलावल्या होत्या. वीस-वीस वर्षं तिथे राहिलेली माणसं. आणि त्या मॉलच्या काचेवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की माल देशाबाहेर नेणार असाल तर सेल्स टॅक्स परत मिळेल. सगळ्या राज्यांत नव्हतं, पण आमच्या टेक्सासात होतं. इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये. मराठीत नव्हतं, एवढाच माझा बचाव.

काकूंनी काच वाचली. मग माझ्याकडे वळल्या. पर्समधून पेन्सिल काढली आणि माझ्या हातातल्या पार्किंगच्या चिठ्ठीवर लाल टिक केली.

दोन दिवसांनी सगळं घेऊन आम्ही रांगेत उभे राहिलो. पासपोर्ट, विमानतळावर मिळालेलं, देशात आल्याच्या नोंदीचं पांढरं कार्ड, परतीचं तिकीट, 'वापर तिकडचा' ही अख्खी पिशवी आणि दुर्बीण. खिडकीत एक पन्नाशीच्या बाई होत्या, चष्मा साखळीला लावलेला. त्या प्रत्येक वस्तू उघडून बघत, पावतीशी ताडत आणि शिक्का मारत. काकू त्यांच्या हाताकडे एकटक पाहत होत्या. मला कुजबुजल्या, "शिक्का बघ. एकही तिरपा नाही."

स्वेटर पास झाला. साबण, बूट, पर्स, पास. दुर्बिणीच्या पावतीवर त्या बाई थांबल्या.

"हे कार्ड कुणाचं?"

मी हात वर केला, वर्गात करावा तसा.

"हे तुमच्याबरोबर प्रवास करतायत?"

"नो," काकू म्हणाल्या. "ही इज... बेंच."

बाईंनी मान हलवली. विकत घेणारा आणि देशाबाहेर नेणारा एकच हवा. दुर्बीण नाही चालणार. सॉरी.

मी कानात बोटं घालण्याच्या बेतात होतो. आता इथे काय होणार याची मला पूर्ण कल्पना होती. पण काकू शांतपणे म्हणाल्या, "यू आर राइट." आणि खोकं उचलून बाजूला झाल्या.

गाडीत मीच न राहवून बोललो, "काकू, तुम्ही भांडला नाहीत?"

"कशासाठी? तिचं बरोबर आहे. माल दुसऱ्याच्या नावावर आणि परतावा मागणार मी. असे किती दावे मी फेकले आहेत! मी असती तर तुला आणि मला दोघांना बाहेर काढलं असतं." मग, "किती पॉइंट मिळाले रे तुला?"

मी आकडा सांगितला. तेवढ्यात सांगलीपर्यंत सोडा, डॅलसच्या विमानतळापर्यंतही कुणी नेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा एक वस्तू दुकानात परत केली. सकाळपासून जेवल्या नाहीत. खोक्याची चिकटपट्टी शाबूत आहे हे त्यांनी परतीच्या काउंटरवरच्या मुलीला तीनतीनदा बोट लावून दाखवलं. तिला त्याचं काहीच नव्हतं. च्युइंगगम चघळत तिने नेहमीचा प्रश्न विचारला. परत का करताय? वस्तूत काही बिघाड आहे का?

काकू ताठ झाल्या. "गुड्स ओके," म्हणाल्या. मग माझ्याकडे बोट करून, "मॅन राँग."

मुलीने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि तिला ते पटलं असावं. कारण तिने काहीतरी टाइप केलं आणि पैसे माझ्या कार्डावर परत आले. पॉइंट गेले. मग काकूंनी तेच खोकं त्याच काउंटरवरून उचललं, पलीकडच्या काउंटरवर नेलं आणि ट्रॅव्हलर्स चेक काढले. मॅनेजरला बोलवावं लागलं. मागे रांग लागली. काकूंनी एकेका चेकवर सावकाश सही केली. मला लाज वाटू लागली तेव्हा म्हणाल्या, "खाली बघू नको. पैसे देऊन राहिलो आपण, मागून नाही राहिलो."

पुन्हा ते ऑफिस. पुन्हा त्याच बाई. त्यांनी काकूंना ओळखलं, दुर्बिणीची नवी पावती पाहिली, तारीख पाहिली, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत एवढंच म्हणाल्या, "नो बेंच?"

"नो बेंच," काकू म्हणाल्या.

शिक्का पडला. सरळ. बाईंनी रक्कम लिहून कागद सहीसाठी पुढे केला. काकूंनी तो वाचला. पुन्हा वाचला. मला वाटलं, झालं, आता निघू. समोसे खाऊ. पण लाल टोक बाहेर आलं होतं.

"धिस इज हाफ."

बाईंनी सांगितलं, हो, बाकीचं आमच्या कंपनीचं सेवाशुल्क. सगळ्यांना तेवढंच.

"व्हिच सेक्शन?"

"एक्स्क्यूज मी?"

"कोणत्या कलमाखाली? टॅक्स माझा. परतावा सरकारचा. मधे अर्धं ठेवणारे तुम्ही कोण?" हे सगळं माझ्यामार्फत इंग्रजीत गेलं आणि जाताना मी त्यातली बरीच धार काढून टाकली. तरी बाईंपर्यंत पोचायचं ते पोचलंच. कंपनीची पॉलिसी आहे मॅम, त्या म्हणाल्या. घ्यायचं तर घ्या.

"काकू, घ्या ना," मी मराठीत गयावया केली. "एवढ्याशा डॉलरांसाठी? याहून जास्त पेट्रोल जाळलं आपण."

"पेट्रोलचा वापर इथलाच होता. त्याचं मी काही म्हटलं?" काकूंनी पेन घेतलं आणि सहीच्या जागेवर आधी इंग्रजीत लिहिलं, रिसीव्ह्ड अंडर प्रोटेस्ट. खाली मराठीत, हरकतीसह. मग सही, तारीख.

बाई म्हणाल्या, असं कागदावर लिहिता येत नाही.

"लिहिलं," काकू म्हणाल्या. "नको असेल तर नाकारा. पण नकार लेखी द्या."

मागे रांग थबकली होती. एका बाईच्या कडेवरचं मूल रडायचं थांबून बघू लागलं. खिडकीतल्या बाई त्या ओळीकडे बघत राहिल्या, आणि मग त्यांनी विचारलं ते चिडून नाही, अगदी खरोखरच कुतूहलाने. "याने होतं काय?"

मी काही महिन्यांपूर्वी विचारलेला प्रश्न. तेव्हा दूध संपलं होतं.

"नथिंग," काकू म्हणाल्या. "बट फाइल नोज." मग माझ्याकडे वळून, मला नीट समजावं म्हणून मराठीत, "काही होत नाही. पण फाइलला कळतं. उद्या कुणी ती उघडली, तर त्याला असं नको वाटायला की ही बाई खुशीत होती."

मी भाषांतर करून सांगितलं. या वेळी धार न काढता. बाईंनी काकूंकडे पाहिलं, शिक्का उचलला, शाईच्या पॅडवर दाबला आणि त्या दोन ओळींच्या बरोबर शेजारी मारला. ओळींना जराही धक्का न लावता. मग मागच्या मशीनवर त्या कागदाची एक झेरॉक्स काढून काकूंना दिली. कुणी मागितली नव्हती.

परतताना काकूंनी मला गरम समोसे खिलवले. टॅक्स भरला. पावतीवर काही लिहिलं नाही.

मार्चमध्ये त्या गेल्या. मिलिंदची बदामांची खोकी आमच्याकडेच राहिली आणि दुर्बीण गेली. जाताना मला म्हणाल्या, "तो कागद अजून फ्रिजवर आहे." मी म्हणालो, हो काकू. त्या म्हणाल्या, "काकांसारखं नको करू. तेल घालत बसशील जन्मभर."

आठवड्याने सकाळी फोन आला, तेव्हा मिलिंद ऑफिसात होता. तिकडे रात्र होती. "दिसला रे!" काकू ओरडत होत्या. अंतर जास्त असल्यामुळे मोठ्याने बोलावं लागतं, असा त्यांचा समज होता.

"कसा आहे?"

"अरे, एवढासा! हरभऱ्याच्या डाळीएवढा. कडं आहे, छान आहे दिसायला. पण एवढासा! काकांना बोलावून दाखवला. म्हटलं, बघा, याला घाबरून राहिले होतात." मागून काकांचा आवाज आला, 'अगं, हात जोड, हात जोड'. "जोडले हो. पाहुणा म्हणून जोडले."

फोन ठेवला आणि मी फ्रिजवरचा कागद काढला. सही केली. सहीवर लिहिलं. खरं सांगायचं तर इंग्रजीत लिहायची माझी हिंमत झाली नाही. मी मराठीत लिहिलं, 'हरकतीसह'. सरांना वाचता येणार नाही, या हिशोबाने. शूरपणाही दाखवायचा आणि तो कुणाच्या लक्षातही येऊ द्यायचा नाही, यात माझा हात धरणारा कुणी नाही. मग भारतीय दुकानात जाऊन फॅक्स केला.

तासाभरात फोन. "यार, ये साइन के ऊपर क्या लिखा है?"

त्या क्षणी प्रिंटर बिघडलाय असं म्हणावं, असं फार वाटलं. माझं नावच असं लिहितात म्हणावं, असंही वाटलं. समोर फ्रिजवर मॅग्नेट रिकामा होता.

"सर, अंडर प्रोटेस्ट लिखा है."

मग ते हसले. "इससे क्या होगा?"

"कुछ नहीं सर. फाइल को पता रहेगा."

हसणं थांबलं. त्यांनी दुसरा कोरा कागद पाठवला, या वेळी नुसती सही कर म्हणून. मी त्यावरही तेच लिहून पाठवलं. तिसरा आला नाही. व्हिसा का कोण जाणे तसाच राहिला, आणि उन्हाळ्यात कंपनीच्या अकाउंटंटचा फोन आला. बेंचच्या महिन्यांचा पगार देतो, पण निम्मा. चेक मिळाल्याची पावती सही करून पाठवा.

पावती आली. मिलिंदने मला पेन दिलं. मी निम्मी रक्कम दोनदा वाचली, आणि सहीच्या वर दोन शब्द लिहिले. या वेळी इंग्रजीत.